सांगोवांगीचा रूट : दोन खासगी नेटवर्कांच्या सीमेवरचं एक प्रकरण

बदल एका ओळीचा होता. गोदामाच्या राउटरवर एक स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेली वाट, टाकायचा आणि तो ईआयजीआरपीत, म्हणजे राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलात, सोडायचा, एवढंच. मंजुरीच्या अर्जात परिणामाच्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या जागी मी असतो तरी हेच लिहिलं असतं. संध्याकाळी सात वाजता ओळ टाकली. गोदामाच्या माणसाने तिथूनच पिंग (पोचतंय का ते पाहणारं छोटं पॅकेट) मारून पाहिला, उत्तर आलं, आणि काम झाल्याचा मेल गेला.

साडेसातला मुख्य कार्यालयातून तक्रार आली की गोदामातली नवी यंत्रं दिसत नाहीत. त्याच सुमारास देखरेखीच्या पडद्यावर एक उलटीच गोष्ट दिसत होती. दोन नेटवर्कांना जोडणाऱ्या लिंकांवरची रहदारी वाढली होती, आणि थोडीथोडकी नव्हे. यंत्रांपर्यंत काहीच पोचत नसताना लिंका भरताहेत, हे दोन्ही एकाच वेळी कसं? त्या रात्री हा प्रश्न आम्ही तीन तास बाजूला ठेवला आणि फायरवॉल तपासत बसलो. आज लिहिताना त्याची लाज वाटते, कारण खरं उत्तर त्या प्रश्नातच होतं.

मांडणी कशी होती

एका संस्थेने दुसरी विकत घेतली होती. जुन्या नेटवर्कात ओएसपीएफ, नव्याने आलेल्या नेटवर्कात सिस्कोचा ईआयजीआरपी; दोन्ही एकाच कामाचे, राउटरांना रूट कळवणारे प्रोटोकॉल. पत्ते दोन्हीकडे खासगी, म्हणजे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने राखून ठेवलेल्या १०.०.०.०/८ मधलेच (तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट पक्के). अशा जोडणीत बहुतेक वेळा पत्त्यांचीच टक्कर होते. इथे नशिबाने जुनी बाजू १०.०.०.०/११ मध्ये आणि नवी १०.४०.०.०/१३ मध्ये होती, त्यामुळे ती डोकेदुखी टळली.

दोन्हींच्या मध्ये दोन राउटर. त्यांना बॉर्डर-१ आणि बॉर्डर-२ म्हणू. दोघांवर दोन्ही प्रोटोकॉल चालू, आणि दोघांवर दोन्ही दिशांचं रीडिस्ट्रिब्यूशन : ईआयजीआरपीतून कळलेले रूट ओएसपीएफला सांगायचे, ओएसपीएफमधले ईआयजीआरपीला. जुन्या बाजूला दोघेही ‘जुना कोअर’ या राउटरला जोडलेले, नव्या बाजूला ‘नवा कोअर’ला. गोदामाचा राउटर नव्या कोअरच्या मागे.

आधी एकच बॉर्डर होता. तो बंद पडला तर सगळंच तुटेल म्हणून आठ महिन्यांपूर्वी दुसरा आणला, आणि पहिल्याचं कॉन्फिगरेशन उचलून, पत्ते बदलून, त्यावर चिकटवलं. आठ महिने साठ-सत्तर रूट या सीमेवरून सुरळीत ये-जा करत होते. म्हणून त्या रात्री सीमेवर कोणाचा संशय गेला नाही. जे आठ महिने चाललं ते एका रूटसाठी का बिघडेल, असाच सगळ्यांचा हिशोब होता.

गोदामात भाड्याने आणलेली स्वयंचलित यंत्रं होती. त्यांचं नेटवर्क १०.४४.१६.०/२०, पुरवठादाराच्या फायरवॉलच्या मागे. त्या फायरवॉलला ईआयजीआरपी येत नव्हता, म्हणून स्टॅटिक रूट. साधी, रोजची गोष्ट.

राउटर एकमेकांना सांगतात तरी काय

प्रकरणाची गाठ इथेच आहे, म्हणून जरा थांबतो.

राउटरला आपल्या अंगाला लागलेल्या लिंकांपलीकडचं काही दिसत नाही. बाकीचं सगळं त्याला शेजाऱ्याने सांगितलेलं असतं. प्रश्न एवढाच की शेजारी नेमकं काय सांगतो.

जुन्या पद्धतीत शेजारी फक्त अंतर सांगतो. १९८८ च्या आरएफसी १०५८ मधला रिप हा प्रोटोकॉल दर ३० सेकंदांनी आपलं सगळं टेबल शेजाऱ्याला वाचून दाखवतो : अमुक नेटवर्क माझ्यापासून तीन उड्यांवर, तमुक पाच उड्यांवर. ऐकणारा त्यात एक मिळवतो आणि पुढच्याला सांगतो. पाच हा आकडा कुठून आला, वाटेत कोण आहे, हे कोणालाच माहीत नसतं. शुद्ध सांगोवांगी. म्हणूनच रिपमध्ये १६ म्हणजे अनंत. अफवा गोल फिरायला लागली तर मोजणी १६ ला आपटून थांबावी, म्हणून ही भिंत.

ईआयजीआरपी याच घराण्यातला, पण बराच शहाणा. टेबल पुन्हापुन्हा वाचत नाही, बदल झाला तरच बोलतो. अंतर म्हणून उड्या न मोजता वाटेतली सगळ्यात कमी बँडविड्थ आणि एकूण विलंब यांचं सूत्र लावतो. शेजाऱ्याने सांगितलेलं अंतर माझ्या सर्वांत चांगल्या अंतरापेक्षा कमी असेल तरच त्याला पर्यायी वाट म्हणून धरायचं, असा त्याचा नियम आहे. नियम साधा आहे, पण त्यामुळे ईआयजीआरपीच्या आत लूप, म्हणजे पॅकेट गोल फिरत राहणं, होत नाही. ‘आत’ हा शब्द लक्षात ठेवा.

ओएसपीएफची रीत वेगळी. तिथे अंतर सांगत नाहीत, नकाशा सांगतात. प्रत्येक राउटर आपल्या लिंकांचं एक पत्रक काढतो, ते एलएसए. त्यावर काढणाऱ्याची ओळख असते, आणि ते जसंच्या तसं, मजकुरात फेरफार न करता, एरियाभर, म्हणजे ओएसपीएफच्या त्या भागातल्या सगळ्यांपर्यंत, पोचतं. प्रत्येक जण सगळी पत्रकं जुळवून स्वतःच नकाशा काढतो आणि स्वतःच वाट शोधतो. इथे अफवेला जागा नाही, कारण कोणी कोणाचं मत पुढे नेत नाही, मूळ पत्रकच पुढे जातं.

पण ओएसपीएफच्या पत्रकांत एक प्रकार असा आहे की त्याला हे लागू होत नाही. बाहेरून आणलेल्या रूटचं पत्रक, टाइप-५. त्यात नकाशा नसतो. एवढंच लिहिलेलं असतं : ‘हे नेटवर्क माझ्या पलीकडे कुठेतरी आहे, माल माझ्याकडे पाठवा.’ पलीकडे म्हणजे कुठे, ते पत्रक सांगत नाही. म्हणजे नकाशावाल्या ओएसपीएफमध्येही सीमेवरचा मजकूर ऐकीवच. माणसं ओएसपीएफवर विश्वास ठेवतात तो पहिल्या प्रकारच्या पत्रकांमुळे, आणि मग तोच विश्वास न कळत टाइप-५ ला देऊन टाकतात.

रीडिस्ट्रिब्यूशनमध्ये नेमकं काय हरवतं, तेही सांगतो. ईआयजीआरपीतला रूट ओएसपीएफमध्ये जाताना त्याचं खरं अंतर गळून पडतं, कारण एकाचं अंतर दुसऱ्याला कळतच नाही. त्या जागी सांगणारा स्वतःचा एक आकडा लावतो. ओएसपीएफमध्ये जाताना सिस्कोच्या राउटरवर हा आकडा मुकाट २० धरला जातो. ईआयजीआरपीत जाताना तो हाताने द्यावा लागतो, नाहीतर रूट जातच नाही. आमच्या बॉर्डर राउटरांवर तो होता : बँडविड्थ १००००००, विलंब १. म्हणजे एक गिगाबिट आणि दहा मायक्रोसेकंद. कोणी ठरवून दिलेला नव्हता, कुठल्या तरी जुन्या कॉन्फिगरेशनमधून आलेला. असे आकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात.

ट्रेसरूट

दहा वाजून गेल्यावर गोदामाच्या अभियंत्याचा फोन आला. “सर, माझ्याकडून पिंग अजून चालतोय. तुमच्याच बाजूला बघा.” आवाजात थोडा वैताग होता, आणि तो बरोबर होता. मग कोणीतरी जे सात वाजून पस्तीस मिनिटांनी करायला हवं होतं ते केलं. मुख्य कार्यालयातून ट्रेसरूट मारला, म्हणजे पॅकेट कुठल्या राउटरांवरून जातं ते पाहिलं :

१ जुना कोअर १०.१.०.१
२ बॉर्डर-१ १०.१.९.१
३ नवा कोअर १०.४०.०.१
४ बॉर्डर-२ १०.४०.०.६
५ जुना कोअर १०.१.०.१
६ बॉर्डर-१ १०.१.९.१

आणि पुढे तीच चार नावं, तिसाव्या ओळीपर्यंत.

लिंका का भरल्या त्याचं उत्तर या चार नावांत आहे. प्रत्येक पॅकेटला टीटीएल, म्हणजे आयुष्याचा आकडा, असतो आणि प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो; शून्य झाला की पॅकेट मेलं. विंडोजचं मशीन १२८ पासून सुरुवात करतं. चार राउटरांच्या रिंगणात १२८ म्हणजे ३२ फेऱ्या. प्रत्येक पॅकेट मरण्याआधी त्याच लिंकवरून ३२ वेळा जातं. कनेक्शनसाठी पुन्हापुन्हा धडका देणाऱ्या मशीनांची ३ एमबीपीएस रहदारी असेल, तर लिंकवर ती ९६ च्या आसपास दिसते. लिंक भरते, पोचत काहीच नाही.

त्या रात्री तात्पुरता उपाय म्हणून बॉर्डर-१ रीस्टार्ट केला. तो खाली जाताच यंत्रं दिसू लागली. आम्ही हुश्श केलं, बॉर्डर-१ मध्येच काहीतरी बिघाड असं ठरवलं, आणि मेलचा मसुदा लिहायला घेतला. चार मिनिटांनी तो परत वर आला आणि यंत्रं पुन्हा गायब. पुन्हा ट्रेसरूट. या वेळी तीच चार नावं, पण उलट्या क्रमाने : जुना कोअर, बॉर्डर-२, नवा कोअर, बॉर्डर-१.

एखादा राउटर बिघडलेला असता तर रिंगणाने दिशा बदलली नसती. दोन्ही बॉर्डर तितकेच निरोगी होते आणि तितकेच चूक. पहाटेपर्यंत बॉर्डर-१ बंद ठेवला, कामं चालू झाली, आणि सकाळी चारही राउटरांची टेबलं छापून समोर घेऊन बसलो.

चार टेबलं

सोयीसाठी आदल्या संध्याकाळची, म्हणजे पहिल्या रिंगणाची टेबलं घेतो. तीही लॉगमध्ये राहिली होती. रूट एकच, १०.४४.१६.०/२०.

जुन्या कोअरवर ‘ओ ई-२’ (ओएसपीएफमध्ये बाहेरून आलेला), कंसात ११०/२०, पुढचा टप्पा बॉर्डर-१.
बॉर्डर-१ वर ‘डी ईएक्स’ (ईआयजीआरपीत बाहेरून आलेला), कंसात १७०/३३२८, पुढचा टप्पा नवा कोअर.
नव्या कोअरवर ‘डी ईएक्स’, कंसात १७०/३०७२, पुढचा टप्पा बॉर्डर-२.
बॉर्डर-२ वर ‘ओ ई-२’, कंसात ११०/२०, पुढचा टप्पा जुना कोअर.

कंसातला दुसरा आकडा म्हणजे अंतर, आणि पहिला म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स. एकच नेटवर्क दोन प्रोटोकॉलांनी सांगितलं तर कोणाचं खरं मानायचं, याचा क्रम. कमी आकडा, जास्त विश्वास. सिस्कोवर स्टॅटिक १, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, रिप १२०. आणि ईआयजीआरपीने बाहेरून आणलेला रूट मात्र १७०. हा आकडा राउटरच्या आतच राहतो, शेजाऱ्याला पाठवला जात नाही, आणि कंपनीगणिक बदलतो. जुनिपरमध्ये याला प्रेफरन्स म्हणतात आणि तिथे ओएसपीएफचे आतले रूट १०, बाहेरचे १५०.

घोडं इथेच पेंड खात होतं. आठ महिने जे साठ-सत्तर रूट नीट चालले ते ईआयजीआरपीचे स्वतःचे, आतले रूट होते. आकडा ९०. बॉर्डर-२ ला असा रूट दोन्हीकडून कळायचा : नव्या कोअरकडून ९० चा, आणि बॉर्डर-१ ने ओएसपीएफमध्ये सोडलेला ११० चा. तो ९० चा उचलायचा, म्हणजे खरी वाट. उलट दिशेने ओएसपीएफचे रूट ११० ने कळायचे आणि ईआयजीआरपीतून फिरून आलेले तेच रूट १७० ने, तेव्हा ११० चा उचलायचा. पुन्हा खरी वाट. कॉन्फिगरेशन बरोबर होतं म्हणून चाललं नव्हतं. सिस्कोने ९० आणि १७० असे दोन आकडे ठेवलेत म्हणून चाललं होतं.

स्टॅटिकमधून आलेला रूट मात्र ईआयजीआरपीत शिरतानाच बाहेरचा होता. आकडा १७०. बॉर्डर-१ ने तो ऐकला आणि ओएसपीएफला सांगितला. बॉर्डर-२ ला दोन्हीकडून कळला : नव्या कोअरकडून, म्हणजे खऱ्या वाटेने, १७० चा. बॉर्डर-१ चा ऐकीव, ओएसपीएफमधून, ११० चा. नियमाप्रमाणे त्याने ऐकीव उचलला. एवढ्यावर थांबलं असतं तरी फार बिघडलं नसतं, वाट लांबची झाली असती इतकंच. पण बॉर्डर-२ चं दुसरं कामच मुळी ओएसपीएफमधले रूट ईआयजीआरपीला सांगणं. त्याने इमानेइतबारे तो रूट नव्या कोअरला सांगितला. गोदामाचा रूट, गोदामाच्या सख्ख्या शेजाऱ्याला.

आता नव्या कोअरपुढे दोन दावे. गोदामाच्या राउटरने आपला रूट सोडताना प्रामाणिक आकडे दिले होते : १० एमबीपीएस, एक हजार मायक्रोसेकंद. ईआयजीआरपीच्या सूत्रात १,००,००,००० ला किलोबिटमधल्या बँडविड्थने भागायचं, त्यात दहा-दहा मायक्रोसेकंदांनी मोजलेला विलंब मिळवायचा आणि २५६ ने गुणायचं. गोदामाची वाट : १००० अधिक १०१, गुणिले २५६, म्हणजे २,८१,८५६. बॉर्डर-२ ची वाट, त्या चिकटवलेल्या आकड्यांमुळे : १० अधिक २, गुणिले २५६, म्हणजे ३,०७२.

खरं बोलणाऱ्याचा आकडा मोठा, ऐकीव सांगणाऱ्याचा नव्वदपटीने लहान. नवा कोअर बॉर्डर-२ कडे वळला. बॉर्डर-१ ला नव्या कोअरकडून तो रूट अजूनही मिळतच होता, फक्त ३,३२८ या नव्या, आकर्षक आकड्याने, म्हणून तो ओएसपीएफला सांगत राहिला. तो सांगत राहिला म्हणून बॉर्डर-२ मानत राहिला. रिंगण पुरं झालं.

आणि दिशा का उलटली? सुरुवातीला दोन्ही बॉर्डरांना रूट जवळजवळ एकाच वेळी कळला होता, त्यात ज्याचं पत्रक आधी दुसऱ्याच्या कानावर गेलं तो सांगणारा ठरला आणि दुसरा मानणारा. बॉर्डर-१ बंद पडल्यावर त्याच्यापर्यंत वाटच न उरल्याने त्याचं पत्रक निकामी झालं, बॉर्डर-२ नाइलाजाने १७० च्या खऱ्या वाटेवर आला आणि आता सांगणारा झाला. बॉर्डर-१ परत आला तेव्हा मानणाऱ्याची जागा मोकळी होती.

प्रयोगशाळेतलं भूत

दुसऱ्या दिवशी पाच आभासी राउटर उभे केले आणि तेच कॉन्फिगरेशन टाकलं. लूप पहिल्या झटक्यात झाला. मग कोणीतरी सुचवलं की गोदामाचा स्टॅटिक रूट काढून पाहू या. म्हणजे मूळच नाहीसं करायचं.

काढला. रूट गेला नाही.

एक मिनिट, पाच मिनिटं, अर्धा तास. १०.४४.१६.०/२० चारही टेबलांत शाबूत, आणि आता तर गोदामाच्या राउटरच्या टेबलातही तो आला, पुढचा टप्पा नवा कोअर. ज्याने तो जन्माला घातला त्यालाच शेजारी सांगत होता की ते नेटवर्क माझ्याकडे आहे. बॉर्डर-१ चा भरवसा नव्या कोअरवर, नव्या कोअरचा बॉर्डर-२ वर, बॉर्डर-२ चा बॉर्डर-१ च्या पत्रकावर. तिघे एकमेकांचे साक्षीदार आणि प्रत्यक्ष पाहिलेला एकही नाही.

ईआयजीआरपीच्या आतल्या नियमाने हे का पकडलं नाही, असा प्रश्न तिथे एका नव्या मुलाने विचारला. चांगला प्रश्न होता. तो नियम अंतरांची तुलना करतो, आणि अंतर सीमेवर दोनदा पुसलं गेलं होतं. बॉर्डर-२ वरून आलेला रूट ईआयजीआरपीच्या दृष्टीने नवाच होता, नवी जन्मतारीख, नवा बाप. ईआयजीआरपीच्या टोपॉलॉजी टेबलात, म्हणजे त्याने ऐकलेल्या वाटांच्या यादीत, तसं लिहिलेलंही होतं : उगमाचा राउटर, बॉर्डर-२. बाहेरचा प्रोटोकॉल, ओएसपीएफ. बाहेरचं अंतर, २०. टॅग, ०. या चार ओळी आम्ही आदल्या रात्री पाहिल्या असत्या तर गोदामाचा रूट बॉर्डर-२ ने कसा काय जन्माला घातला, हे विचारायला एक मिनिट लागलं असतं.

उपायांवरची वादावादी

पहिली सूचना : बॉर्डर-२ वर त्या नेटवर्कासाठी स्टॅटिक रूट टाका, तोंड नव्या कोअरकडे. स्टॅटिकचा आकडा १, म्हणजे ओएसपीएफचा ऐकीव रूट मागे पडेल, बॉर्डर-२ तो पुढे सांगणार नाही, लूप तुटेल. खरं आहे, आणि दोन रात्री आम्ही तेच करून बॉर्डर-१ परत चालू केला. पण ही मलमपट्टी. बॉर्डर-१ मेला तर बॉर्डर-२ ओएसपीएफला काय सांगणार? त्याच्या टेबलात ईआयजीआरपीचा रूट नाही, स्टॅटिक आहे, आणि स्टॅटिक सोडायची परवानगी त्याला नाही. दुसरा बॉर्डर ज्यासाठी आणला तोच हेतू बुडाला.

दुसरी सूचना जास्त मोहक होती. बॉर्डर राउटरांवर ओएसपीएफच्या बाहेरच्या रूटांचा डिस्टन्स ११० वरून १८० करा. १७० पेक्षा मोठा, म्हणून ईआयजीआरपीवाली खरी वाट जिंकेल. एका ओळीत काम. पण जुन्या बाजूलाही बाहेरचे रूट होते : इंटरनेटकडे जाणारा डिफॉल्ट (दुसरा कुठलाच रूट जुळला नाही तर घ्यायची वाट), आणि भागीदारांच्या नेटवर्कांचे काही. १८० केल्यावर ते रूट बॉर्डर-२ ला ओएसपीएफमधून १८० ने कळणार आणि बॉर्डर-१ मार्फत ईआयजीआरपीतून फिरून १७० ने. म्हणजे तोच आजार, या खेपेला दुसऱ्या पायाला, आणि त्यात डिफॉल्ट रूट. प्रयोगशाळेत करून पाहिलं तेव्हा सूचना करणाऱ्यानेच ती मागे घेतली.

मग टॅग. ओएसपीएफच्या टाइप-५ पत्रकात आणि ईआयजीआरपीच्या बाहेरच्या रूटमध्ये, दोन्हींत ३२ बिटांची एक रिकामी जागा असते. प्रोटोकॉल तिच्याकडे बघत नाही, फक्त जशीच्या तशी वाहून नेतो. अंतर पुसलं जातं, उगम पुसला जातो, पण या जागेत सीमेवर लिहिलेलं दुसऱ्या सीमेपर्यंत टिकतं. आमच्या टॅगांत शून्य होतं, म्हणजे जागा असून कोणी वापरलीच नव्हती.

ठरवलं ते असं. ईआयजीआरपीतून ओएसपीएफमध्ये जाणाऱ्या प्रत्येक रूटवर ४००० चा शिक्का. ओएसपीएफमधून ईआयजीआरपीत जाणाऱ्यावर १०००. आणि ज्यावर आधीच ४००० आहे तो ईआयजीआरपीत परत जाणार नाही, ज्यावर १००० आहे तो ओएसपीएफमध्ये परत जाणार नाही. दोन्ही बॉर्डरांवर तंतोतंत सारखं.

लिहायला दोन छोटे रूट-मॅप, म्हणजे रूट गाळायचे आणि त्यांवर शिक्का मारायचे नियम. प्रत्येकात आधी नाकारायची अट, मग बाकीच्यांना परवानगी देऊन शिक्का मारण्याची. ही दुसरी अट मी पहिल्या खेपेला एका रूट-मॅपमध्ये विसरलो. रूट-मॅपच्या शेवटी न लिहिलेला नकार असतोच, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या जुन्या कोअरचं टेबल एका क्षणात अर्धं झालं. लूप मात्र गेला होता, हे मान्य करायला हवं.

टॅगने लूप तुटतो, पण सगळं सुतासारखं सरळ होत नाही, आणि हे पुष्कळदा सांगायचं राहून जातं. बॉर्डर-२ च्या टेबलात अजूनही ११० चाच रूट राहतो, म्हणजे त्याच्याकडे आलेलं पॅकेट जुना कोअर, बॉर्डर-१, नवा कोअर असा वळसा घेऊनच गोदामाला जातं. म्हणून ओएसपीएफखाली आणखी एक गाळणी लावली : ४००० चा शिक्का असलेला रूट बॉर्डर राउटरांनी आपल्या टेबलात घ्यायचाच नाही. पत्रक ओएसपीएफच्या डेटाबेसमध्ये राहतं, पुढे जायचं तिथे जातं, फक्त या राउटरच्या टेबलात उतरत नाही. मग बॉर्डर-२ आपोआप खऱ्या वाटेवर आला, दोघेही ओएसपीएफला सांगू लागले, आणि जुन्या कोअरवर पहिल्यांदाच त्या नेटवर्कासाठी दोन पुढचे टप्पे दिसले. याची किंमत एकच : बॉर्डर-२ ची नव्या कोअरकडची लिंक तुटली तर त्याच्या स्वतःच्या टेबलात नव्या बाजूचे रूट उरत नाहीत. पण तेव्हा तो कोणाला बोलावतही नसतो, त्यामुळे आमच्या मांडणीत ते चालण्यासारखं होतं. दोन बॉर्डर एकामागून एक असते तर चाललं नसतं.

बँडविड्थ-विलंबाचे आकडेही बदलले, बँडविड्थ कमी आणि विलंब जास्त. सीमेवरून आलेला रूट घरातल्या रूटपेक्षा देखणा दिसायचं काही कारण नाही. आणि प्रत्येक बाजूचा पत्त्यांचा पट्टा एका प्रीफिक्स-लिस्टमध्ये लिहून ठेवला. नव्या बाजूकडून १०.४०.०.०/१३ च्या बाहेरचं काही आलं तर ते घ्यायचं नाही. टॅग असताना ही यादी कशाला, असं दोघांनी विचारलं. टॅग सगळ्यांनी लावला तरच काम करतो, आणि उद्या तिसरा बॉर्डर कोणी जुन्या फाइलमधून चिकटवणार नाही याची खात्री मला नव्हती.

हा आजार आमचा एकट्याचा नाही, हे नंतर एमपीएलएस व्हीपीएनच्या, म्हणजे सेवा देणाऱ्याच्या नेटवर्कातून ग्राहकाच्या शाखा जोडण्याच्या पद्धतीच्या, कागदपत्रांत पुन्हा दिसलं. तिथे ग्राहकाच्या दोन शाखांमध्ये सेवा देणाऱ्याचं बीजीपी असतं आणि दोन्ही टोकांना ओएसपीएफ, म्हणजे रीडिस्ट्रिब्यूशनच्या दोन सीमा आल्याच. बीजीपी हा वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांमध्ये रूट कळवणारा प्रोटोकॉल. तो वाटेतल्या एएस क्रमांकांची, म्हणजे त्या नेटवर्कांच्या ओळख-क्रमांकांची, माळ रूटसोबत नेतो, आपलाच क्रमांक माळेत दिसला की रूट टाकून देतो. पण ओएसपीएफमध्ये उतरताना ती माळ तुटते. म्हणून २००६ च्या आरएफसी ४५७६ मध्ये एक बिट ठेवला आहे, डीएन. सेवा देणाऱ्याच्या राउटरने रूट ग्राहकाला दिला की हा बिट लावायचा, आणि त्यांच्याच दुसऱ्या राउटरला तो ग्राहकाकडून परत कानावर आला तर दुर्लक्ष करायचं. आमचा ४००० चा शिक्का तेच काम करत होता, फक्त हाताने.

चाचणी

बदल रविवारी पहाटे लावला. एकेका बॉर्डरवर, आणि मधल्या काळात दुसरा बंद ठेवून, कारण एकावर शिक्के आणि दुसऱ्यावर नाहीत अशी अर्धवट अवस्था प्रयोगशाळेत काही बरी दिसली नव्हती. मग बॉर्डर-१ बंद करून पाहिला, चालू करून पाहिला, बॉर्डर-२ ला तेच. ट्रेसरूट प्रत्येक वेळी सरळ : जुना कोअर, कुठलाही एक बॉर्डर, नवा कोअर, गोदाम, यंत्र.

खरी परीक्षा शेवटी ठेवली होती. गोदामाच्या अभियंत्याला फोन करून स्टॅटिक रूट काढायला सांगितलं. “सर, चालू असलेलं काढू?” त्याने दोनदा विचारलं. काढला. चार खिडक्यांत चार टेबलं उघडी होती. नव्या कोअरमधून रूट गेला, पाठोपाठ दोन्ही बॉर्डरांमधून, मग जुन्या कोअरमधून. मुख्य कार्यालयातून पिंग मारला. पॅकेट डिफॉल्टच्या वाटेने इंटरनेटच्या तोंडावरच्या राउटरपर्यंत गेलं, तिथे १०.०.०.०/८ साठी नल रूट, म्हणजे पॅकेट टाकून देणारा रूट, होता, आणि तिथून उत्तर आलं : डेस्टिनेशन अनरीचेबल. खोलीत एकाने चक्क टाळी वाजवली.

“परत टाकू का?” फोनवरून आवाज आला.